पहिली ट्रायथलॉन : पैसे कुठे घालायचे?

प्रश्न : चार महिन्यांनी स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये उतरायचं आहे : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. लहानपणापासून विहिरीत पोहतो. २६ इंची जुनी गिअरची सायकल आहे. आठ हजार रुपये जमवलेत. रोडबाइकसाठी थोडं कर्ज काढू का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : कर्ज काढू नका. २० किलोमीटरला जुनी सायकल पुरते. पहिले पैसे तरणतलावाच्या फीला आणि पोहायच्या चष्म्याला, मग हेल्मेटला, मग धावायच्या बुटांना, उरलेले टायरला.

विहिरीत पोहणाऱ्याला पाण्याची भीती नसते, हे मोठं भांडवल. पण विहिरीत चार हात मारले की काठ येतो, त्यामुळे डोकं वर ठेवायची सवय लागते. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि शंभर मीटरच्या आत छाती भरून येते. तिथे दम कमी पडलेला नसतो, श्वास आत कोंडलेला असतो. चेहरा पाण्यात असतानाच नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहा. मान वळवली की फक्त आत घ्यायचा. आठवड्यातून तीनदा जा. २५ मीटरच्या तलावात सुरुवातीला ८ फेऱ्या, प्रत्येकीनंतर ३० सेकंद थांबून. मग ५० मीटरचे ८ तुकडे, मग १०० मीटरचे ५. तिसऱ्या महिन्याअखेर ३० फेऱ्या न थांबता जमायला हव्यात. वेगाकडे तोवर बघू नका. शेवटच्या महिन्यात दर ८-१० हातांनी डोळे पाण्यावर काढून समोर बघायची सवय करा, कारण खुल्या पाण्यात तळाला रेघ नसते.

हा सराव तापीत एकट्याने करू नका. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी चढतं, ओढ वाढते.

आता सायकल. खडबडीत टायर काढून गुळगुळीत घाला, फरक पहिल्याच दिवशी कळेल. मात्र २६ इंची म्हणून मिळणारे सगळे टायर एकाच मापाचे नसतात. टायरच्या बाजूवर ४०-५५९ असा आकडा छापलेला असतो. त्यातले शेवटचे तीन अंक जुन्या टायरशी जुळलेच पाहिजेत. सीट बहुतेकांची खाली असते आणि त्यानेच गुडघा पुढून दुखतो. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा.

आपल्याकडे खरा शत्रू बाभळीचा काटा. ट्यूब बदलूनही दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. म्हणून व्हॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षरासमोर होता ते आधी बघून ठेवा. मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि ट्यूब टायरवर तशीच धरा. भोकासमोर काटा सापडतो. तरीही न दिसला तर जुना सुती मोजा टायरच्या आतून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका.

हँडलच्या उघड्या टोकांना बुचं लावा, नाहीतर तपासणीत सायकल अडवतात. पोहून आल्यावर आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकल स्टँडवरून काढायची. परत लावेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. स्पर्धेचा नंबर अंगावर लावायला महागडा पट्टा नको, शिंप्याकडचं इलॅस्टिक आणि दोन सेफ्टी पिना पुरतात.

प्रश्न : सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय लाकडासारखे होतात. उन्हाळ्यात सराव थांबवावा का?
– एक वाचिका, शिरपूर

उत्तर : तसं सगळ्यांनाच होतं, पाय एका हालचालीतून दुसऱ्या हालचालीत शिरत असतात. आठवड्यातून एकदा १५ किलोमीटर सायकल आणि लगेच १० मिनिटं धावणं, एवढंच करा. सायकलच्या शेवटच्या दोन किलोमीटरला हलका गिअर घ्या, आणि पहिले ५०० मीटर मुद्दाम हळू, छोट्या पावलांनी धावा.

थांबू नका, पण एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघून सातच्या आत घरी या. प्यायला लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाच्या चमच्याने, नीट मोजून. मीठ अंदाजाने टाकलं आणि जास्त झालं तर उलटी होऊ शकते. निघण्याआधी तासभर एक केळं. डोकं दुखायला लागलं किंवा अंगावर काटा आला, तर त्या दिवशी तिथेच थांबा, सावलीत बसा आणि अंगावर पाणी घ्या.