१९६२ नंतर लष्कर आधुनिक झालं, तर मग खेचरं आणि कुत्री अजून कशाला?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर आपलं लष्कर आधुनिक झालं, तर त्यात अजून खेचरं आणि कुत्री कशाला ठेवतात? आणि एवढ्या कडक शिस्तीत त्या मुक्या जनावरांना खेळायला तरी मिळतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर छोटं आहे: कुत्र्याच्या बाबतीत खेळ हीच नोकरी. त्यावर खाली सविस्तर लिहितो. पहिल्या भागात मात्र तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की यंत्रं आली की जनावरं जातात. सपाटीवर झालंही तसंच. डोंगरात उलटं झालं, आणि त्याला बासष्टचं युद्धच बरंचसं कारणीभूत आहे.

मी खडकीचा. एका बाजूला बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअर जवानांचं केंद्र, दुसरीकडे दारूगोळा कारखाना, पलीकडे दापोडीला सीएमई, म्हणजे लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज. असल्या भागात वाढलेल्या पोराच्या कानावर लष्कराच्या गोष्टी न विचारता पडत राहतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांची बरीच नोकरी पहाडी तोफखान्यात, खेचरांच्या संगतीत गेलेली. सगळी गल्ली त्यांना सुभेदारकाका म्हणायची. खेचरांबद्दल पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं त्यांच्याकडचं.

बासष्टचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी नेहरू, तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि ‘हिंदी-चिनी भाई भाई’ या तीन स्टेशनांवर थांबते आणि पुढे सरकत नाही. मला त्यातला सामानाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नामका चू नदीच्या काठावर, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या पश्चिम टोकाला, ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ७ वी ब्रिगेड बसवलेली होती. तिथवर गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. दाणापाणी, काडतुसं, कांबळी सगळं एक तर माणसाच्या पाठीवरून यायचं, नाहीतर विमानातून खाली टाकलं जायचं, आणि टाकलेल्यापैकी बरंच दऱ्यांत गडप व्हायचं. जवानांच्या अंगावर सुती कपडे, हातात दर गोळीला बोल्ट ओढावा लागणारी ३०३ रायफल. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दोन दिवसांनी दळवी स्वतः कैद झाले.

थंडी आणि उंचीनेही माणसं गेली. मैदानातून उचलून थेट पहाडावर नेलेल्या जवानांच्या फुप्फुसात पाणी व्हायचं. तेव्हा यावर फारसं संशोधनच नव्हतं. पुढे लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास केला, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. आज आपल्या लष्करात ९,००० फुटांवर गेलं की सहा दिवस थांबायचं, १२,००० वर चार दिवस आणि १५,००० वर आणखी चार दिवस, असा शिरस्ता आहे. लेहला विमानाने उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग ला गाठणाऱ्या पुणेकर पर्यटकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

युद्धानंतरचे बदल म्हणाल तर यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण अजून कौतुकाने म्हणतो. पण ते दिल्लीत जाऊन नेमकं काय करत होते, हे फार जणांना सांगता येत नाही. सैन्याची संख्या ८,२५,००० पर्यंत नेण्याची योजना झाली. डोंगरात लढण्यासाठी वेगळ्या बांधणीच्या दहा माउंटन डिव्हिजन उभ्या करायचं ठरलं. ३०३ जाऊन ७.६२ मिलिमीटरची अर्धस्वयंचलित रायफल आली. युद्ध चालू असतानाच, २४ ऑक्टोबरला, आयटीबीपीची, म्हणजे तिबेट सीमेवरच्या पोलीस दलाची स्थापना झाली होती. अधिकारी कमी पडत होते म्हणून मद्रास आणि पुणे इथे नव्या प्रशिक्षण शाळा काढल्या. मद्रासची अजून आहे, पुण्याची पुढे बंद झाली. १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ पर्यंत तशी राहिली. त्या काळात फर्ग्युसन किंवा एसपीला शिकलेले कुणी आजोबा घरात असतील तर त्यांना विचारून बघा, निम्मे अजून त्या परेडला शिव्या घालतील.

पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. यातले भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सुरुंग काढण्याच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले, मूळ आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. त्यांचा अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. साठ वर्षं होऊन गेल्यावर त्यात लपवण्यासारखं काय उरलं असेल, देव जाणे.

गंमत अशी, की पहाडासाठी उभारलेल्या या डिव्हिजनपैकी बऱ्याच १९७१ मध्ये बांगलादेशात लढल्या, म्हणजे नद्या, भातखाचरं आणि चिखलात. डिसेंबरात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद, चीनला उतरणं अवघड, म्हणून त्या तिकडून हलवता आल्या. पण डोंगरी डिव्हिजनकडे जड तोफा कमी आणि पूल बांधायचं सामान त्याहून कमी. ते सगळं ऐनवेळी जमवावं लागलं.

आता खेचरांकडे येतो. बासष्टनंतर सीमेवर रस्त्यांचं जाळं विणलं जाईल असं कुणालाही वाटेल. सीमा सडक संघटना तर १९६० पासूनच होती. पण शेवटचा पट्टा, अगदी सीमेलगतचा, पुढची कित्येक दशकं मुद्दाम तसाच ठेवला गेला. हिशेब असा, की आपण रस्ता बांधला तर उद्या त्याच रस्त्याने चिनी खाली उतरतील. हे धोरण २००० नंतरच्या दशकात बदललं आणि सीमेलगतच्या ७३ रस्त्यांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. तोवर ट्रक जिथे संपायचा तिथून चौकीपर्यंत पायवाटच. त्या पायवाटेवर पीठ, रॉकेल, दारूगोळा कोण नेणार? हेलिकॉप्टर महाग आणि ढग आले की घरी बसणार. त्यामुळे पराभवाच्या भीतीने रस्ते अडले आणि अडलेल्या रस्त्यांनी खेचरांची नोकरी टिकवली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

खेचराचा बाप गाढव आणि आई घोडी. त्याला पिल्लं होत नाहीत. ७०-८० किलो ओझं घेऊन ते अशा वाटेने जातं जिथे आपण रिकाम्या हातानेही चारदा विचार करू. आपल्या लष्करात त्यांचे दोन प्रकार: तोफांचे सुटे भाग वाहणारं दणकट पहाडी तोफखान्याचं खेचर, आणि बाकी सामान वाहणारं साधं. ‘हट्टी’ हा त्याच्यावरचा शिक्का सुभेदारकाकांना अजिबात मान्य नव्हता. घोडा मालकाने हाकलला तर खचणाऱ्या कड्यावरही पाऊल टाकेल, खेचर टाकणार नाही, थांबून राहील. “ते थांबलं की आधी पायाखालची वाट तपासायची, मग खेचराला शिव्या द्यायच्या,” असं ते सांगायचे.

आणि खेळाचं विचाराल तर, दिवसभराची चाल संपवून मुक्कामाला आलं, पालाण उतरवलं, की खेचर पहिली गोष्ट काय करतं? लोळतं. धुळीची जागा हुंगून, गुडघे मोडून बसतं, एका कुशीवर पडून चारी पाय हवेत झाडतं, मग दुसऱ्या कुशीवर, मग ताडकन उठून अंग थरथरवतं. धुळीचा असा ढग उठतो की शेजारचा शिंकतो. घामाने चिकटलेली पाठ मोकळी होते हे कारण आहेच, पण काका म्हणायचे की जे खेचर आल्यावर लोळलं नाही त्याच्याकडे त्या रात्री लक्ष ठेवायचं, काहीतरी दुखतंय. त्यानंतर पाणी, पाण्यानंतरच चंदी, म्हणजे दाणा. हा क्रम चुकवला तर पोटशूळ. मग खरारा, नाल तपासणं. दावणीला बांधलेली दोन जोडीदार खेचरं तासन्‌तास एकमेकांच्या मानेवर दातांनी खाजवत उभी राहतात. तरणी खेचरं मोकळी सोडली की विनाकारण उड्या मारतात, एकमेकांना खोटंखोटं चावतात, आणि मोतद्दाराची (खेचर सांभाळणाऱ्या जवानाची) टोपी पळवण्यात त्यांना विशेष रस.

खेचरांची संख्या आता कमी होत चालली आहे. रस्ते, बोगदे, ड्रोन आले. १५ जानेवारी २०२५ ला लष्कर दिनाचं संचलन पुण्यात, आमच्या खडकीत बीईजीच्या, म्हणजे त्याच बॉम्बे सॅपर्सच्या मैदानावर झालं, आणि त्यात चार पायांची यांत्रिक खेचरं चालली. घरापासून हाकेच्या अंतरावरचं संचलन मी टीव्हीवर पाहिलं, कारण रस्ते बंद होते. ते यंत्र जिने चढतं, कॅमेऱ्याने बघतं, चौकीत शिरण्याआधी आत कोण आहे ते सांगतं. सगळं उत्तम. पण ते ओझं उचलतं पंधराएक किलो. त्याला खेचर म्हणण्यापेक्षा टेहळणीचा कुत्रा म्हणणं बरं. पिठाचं पोतं अजून खऱ्या खेचराच्याच पाठीवर. लडाखमध्ये तर दोन वशिंडांचे उंटही या कामासाठी तयार केले जात आहेत.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं प्रशिक्षण मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या, म्हणजे लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या दलाच्या केंद्रात होतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉइज, आणि २०१६ पासून मुधोळही. मुधोळ म्हणजे आपल्याकडे कारवानी म्हणतात त्याच घरातला. मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी ही जात जपली.

स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला बारूद म्हणजे काय, देश म्हणजे काय, यातलं काहीही ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतो चेंडू. पिल्लं निवडतानाच बघतात की चेंडूसाठी वेडं कोणतं: गवतात हरवला तरी शोध सोडत नाही, तोंडातून काढून घेतला तर पुन्हा फेका म्हणून भुंकतं. मग डब्यांची रांग लावतात, एका डब्यात स्फोटकाचा नमुना. कुत्रा त्या डब्याशी घुटमळला की त्याच क्षणी चेंडू. थोड्या दिवसांत त्याच्या डोक्यात पक्कं बसतं, की हा वास आला म्हणजे चेंडू आलाच. सापडल्यावर त्याने उकरायचं नाही, भुंकायचं नाही, फक्त खाली बसायचं. कारण उघड आहे. सुरुंग उकरणारा कुत्रा एकदाच उकरतो.

एका प्रात्यक्षिकात मी हे जवळून पाहिलं. काळी लॅब्राडोर, नाक जमिनीला लावून ओळीने बॅगा हुंगत आली, चौथ्या बॅगेशी शेपटीची हालचाल बदलली, बसली, आणि बसल्यावर बॅगेकडे नाही, हँडलरच्या खिशाकडे टक लावून पाहत राहिली. चेंडू मिळताच पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून तिने त्याला ओढाओढीचं आव्हान दिलं. तो हवालदारही गणवेशात, साहेब समोर, तरी मनापासून ओढाओढी खेळला. ते त्याचं कर्तव्यच असतं. प्रत्यक्ष गस्तीत दिवसभर काहीच सापडलं नाही (आणि सापडू नये हीच सगळ्यांची इच्छा), तर कुत्रं हिरमुसतं, उद्या मनापासून शोधत नाही. म्हणून शेवटी हँडलर स्वतःच नमुना लपवून ठेवतो आणि त्याला ‘जिंकू’ देतो.

हिमकड्याखाली दबलेल्या माणसाला शोधणाऱ्या कुत्र्याचंही तसंच. बर्फात खड्डा करून त्यात कुणीतरी खेळणं घेऊन लपतं, कुत्र्याने उकरून काढलं की दोघं मिळून खेळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला, तेव्हा लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले. त्या शोधात कुत्री होती. दुर्दैवाने दिल्लीच्या इस्पितळात ते गेले.

सगळंच खेळीमेळीचं नसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत झूम नावाचा कुत्रा गोळ्या लागून गेला. त्याआधी जुलैमध्ये बारामुल्लात अ‍ॅक्सल गेला. चेंडूसाठी पळणाऱ्या जिवाला आपण गोळीसमोर पाठवतो, हे मला पूर्णपणे पचत नाही. हँडलरला ते आपल्यापेक्षा जास्त छळत असणार.

पूर्वी नोकरी संपलेल्या लष्करी कुत्र्यांना सहसा इंजेक्शन देऊन संपवत. त्यावर कोर्टकचेरी झाली आणि आता ते दत्तक दिले जातात. तुमचा तसा विचार असेल तर एवढंच सांगतो: म्हातारा झाला तरी त्याला काम लागतं. घरात रोज काहीतरी लपवून शोधायला लावा, नाहीतर तो स्वतःच काम शोधेल, आणि ते तुमच्या सोफ्यात असेल. टेनिसचे चेंडू डझनाने आणून ठेवा, दोन-तीन पुरत नाहीत.