नायिका चोपड्याची, समुद्र हर्णैचा

प्रश्न : मी चोपड्याची, प्राथमिक शिक्षिका. हल्ली बायकांनी लिहिलेल्या, समुद्रकाठच्या गावात घडणाऱ्या कादंबऱ्या खूप वाचते. शहरात मोडून पडलेली बाई आजीच्या रिकाम्या घरात येते, समुद्र बघते, सावरते. मलाही तशी एक लिहायची आहे. पण मैत्रीण म्हणते, आपण तापीकाठच्या, आपल्याला समुद्र काय कळणार?

उत्तर : ताई, लिहाच. तापीसुद्धा सुरतेजवळ समुद्रालाच मिळते, हे मैत्रिणीला सांगा.

फक्त ते आजीचं रिकामं घर सोडून द्या. तुमच्या हाताशी त्याहून सकस गोष्ट आहे. खान्देशातल्या किती मुली जिल्हा परिषदेच्या शाळांवर कोकणात लागल्या आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघत राहिल्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्यातलीच एक घ्या. नवरा चोपड्याला, ती दापोली तालुक्यात, हर्णै बंदराजवळ भाड्याच्या खोलीत. साने गुरुजी याच तालुक्यातल्या पालगडचे, आणि 1924 मध्ये आपल्या अमळनेरला शिक्षक झाले. आपण त्यांना आपलं मानलं. हिला तिकडे कोण आपलं मानतं, ते लिहा.

तिला जूनमध्ये तिथे पोचवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. घरमालकीण मासे विकणारी असेल, तर या दोन महिन्यांत तिचं घर सुक्या बोंबलांवर, सुकटीवर आणि साठवलेल्या पैशांवर चालतं. भाडं आगाऊ मागताना ती का अवघडते, हे नायिकेला तेव्हा कळेल. इकडून नेलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाला ओल लागेल, उडदाचे पापड मऊ पडतील. जळगावच्या उन्हात वाढलेली ती आईला फोनवर सांगेल, ‘आठे समदं वलं शे.’ (इथे सगळं ओलं आहे.) मला अशी वाक्यं फार हवीशी वाटतात. मी धुळ्याची, आमच्या बायका पुस्तकात आल्या की अहिराणी दाराबाहेर ठेवून येतात, याचं मला वाईट वाटतं.

मग मासेमारी सुरू होऊ द्या. हर्णैला बोटींवरची मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, तिथेच लिलाव लागतो. पोळ्याला बैल रंगवणाऱ्या घरातली मुलगी गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे बैल बघते तेव्हा तिला काय वाटेल? किनाऱ्यावर वाढलेल्या लेखिकेला हा प्रश्न सुचणं अवघड आहे.

लिलावात बोली लावणाऱ्या बायका नीट पाहा. मासळी कोण घेतं, उधारी कुणाकडे, घर कुणाच्या नावावर, बोट कुणाच्या नावावर. समुद्रकाठच्या पुष्कळ कादंबऱ्यांत नायिका सूर्यास्त बघत बसते आणि तिला जेवायला घालणारी बाई पानभरसुद्धा टिकत नाही. तुमच्या पुस्तकात त्या दोघींचं नातं मधोमध असू द्या. भांडणंही होऊ द्या.

आणि बदलीचा आदेश शेवटाकडे नको, पुस्तकाच्या मध्यावर येऊ द्या. इतकी वर्षं मागितलेली बदली हातात पडल्यावर तिला परत यावंसं वाटतं का, आणि नवऱ्याला ती काय सांगते? अर्धी कादंबरी त्यासाठी लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत हर्णैला जाऊन याच, पण जुलैतही दोन दिवस काढा. बंदर बंद असताना तिथल्या बायकांना बोलायला वेळ असतो.