समुद्र, मीठ आणि पापडासारखा कागद

पाऊस सुरू झाला की शाळांचे प्रकल्प सुरू होतात आणि माझ्याकडे समुद्र यायला लागतो. रंग आणि कागद दोन्ही वापरून केलेला पाण्याखालचा देखावा: मासे, प्रवाळ, शेवाळ, वर बुडबुडे. प्रश्नही दरवर्षी तेच. तर पुन्हा एकदा.

तेलखडू आधी की जलरंग आधी? (कर्वेनगर)

आधी तेलखडू. 'उलट केलं तर चालेल का' असं पुढचं पत्र कृपया पाठवू नये.

रीलमध्ये ओल्या रंगावर मीठ टाकलं की सुंदर चांदण्या उमटतात. मी तीनदा केलं, मीठ नुसतं बसून राहतं. कोणतं मीठ घ्यावं? (निगडी)

मिठाला दोष देऊ नका, चुकतेय ती वेळ. कागदावर पाण्याचं तळं असताना टाकलंत तर मीठ विरघळतं, वाळत आल्यावर टाकलंत तर काहीच होत नाही. कागद उजेडाकडे तिरपा धरून बघा. चमक आहे, पण पाणी ओघळत नाही, तो क्षण पकडायचा. रीलमध्ये नेमका हाच क्षण कापलेला असतो. खडेमिठाने मोठ्या चांदण्या येतात, बारीक मिठाने रवाळ पोत. मग हात मागे बांधून बसा, ड्रायर लावू नका. पूर्ण वाळल्यावर मीठ अगदी शेवटच्या कणापर्यंत झटका. राहिलेलं मीठ पुण्याच्या जुलैतली ओल ओढून घेतं आणि त्यावर चिकटवलेला मासा आठवड्याभरात सुटतो. पोस्टर रंगावर हा खेळ फारसा जमत नाही. तुमचे रंग कोणते हे लिहिलेलं नाही. एकदा शिक्षकांना डबी दाखवा.

दुकानदाराने 'वॉटरकलर पेपर, ३०० जीएसएम' म्हणून जाड कागद दिला. निळा हात मारला की पापडासारखा वाकतो, वर कागदी प्रवाळ चिकटवले की आणखीच. इस्त्री करू का? (सिंहगड रस्ता)

इस्त्री नको. तेलखडू लावला असेल तर चित्रही जाईल आणि इस्त्रीही.

आता कागदाचं. हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी मागच्या बाकावर जांभई देतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बाकी काही नाही. लग्नपत्रिकेचा पुठ्ठाही ३०० चा असू शकतो. जलरंगाच्या कागदाला लगद्यात किंवा वरून खळ दिलेली असते, म्हणून तो पाणी हळूहळू पितो. ही खळ वजनात दिसत नाही, आणि वेष्टनावर 'वॉटरकलर' छापायला काही लागत नाही. म्हणून ताव घेण्याआधी एक कोपरा मागा आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. चांगल्या कागदावर तो मण्यासारखा बसून राहतो. टिपकागदासारखा पटकन आत गेला, की ताव परत द्या. अप्पा बळवंत चौकात मी हे करते तेव्हा दुकानदार तोंड वाकडं करतात, करू देत. शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथे जरूर जा. पण हातकागद म्हटला की जलरंगाला चालणारच, असं नाही. खळ दिलेला कोणता, हे विचारूनच घ्या.

चांगला कागदसुद्धा फुगतो, कारण ओला धागा फुगतो आणि सगळीकडे सारखा फुगत नाही. उपाय जुनाच आहे. ताव पाण्यात भिजवा, लाकडी पाटीवर पसरा, चारी कडा पाणी लावून चिकटणाऱ्या खाकी कागदी पट्टीने बंद करा आणि पाटी आडवी ठेवून रात्रभर वाळू द्या. सध्याच्या हवेत दोन रात्री. दुकानात 'ब्राउन टेप' मागितलीत तर प्लॅस्टिकची पट्टी हातात पडेल. ती ओल्या कागदाला धरतच नाही. रंग, चिकटवणं, सगळं होईपर्यंत कागद पाटीवरून सोडवू नका.

राहिला गोंद. फेव्हिकॉल फासून मोठा प्रवाळ चिकटवला की गोंद वाळताना कागद एका बाजूने ओढला जातो. पातळ थर द्या, वर बटर पेपर आणि त्यावर जाडजूड शब्दकोश ठेवा. तरीही वाकला तर चित्राच्या मागे तसाच कागद चिकटवा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी. तुमच्या कागदाचा तुकडा न बघता याहून जास्त सांगत नाही. जवळच्या कलाशिक्षकांकडे घेऊन जा, आणि थेंब त्यांच्यासमोर टाका.

पतंगाच्या कागदाचा रंग गोंदात उतरतो. दुसरा कोणता घ्यावा? (हडपसर)

उतरतो म्हणूनच घ्यायचा! फाटलेले निळे-हिरवे तुकडे ओल्या कागदावर ठेवून उचलले तर पाण्याचे फिकट थर आयते मिळतात. रंग नको असेल तर पांढरा घेऊन स्वतः रंगवा. हा उतरलेला रंग उन्हात टिकत नाही, तेव्हा खिडकीसमोर टांगण्याआधी फ्रेमवाल्याशी बोला.

माझा लाल मासा वेगळाच, चिकटवल्यासारखा दिसतो. (कोथरूड)

चिकटवलेलाच आहे. पण प्रश्न खरा आहे. पाणी लाल उजेड सर्वात आधी गिळतं. साधारण १० मीटर खाली लाल वस्तू राखाडी-तपकिरी दिसायला लागते. मासा खोलवर असेल तर त्यावर निळ्याचा एक पातळ हात द्या, कडा भिजवून मऊ करा आणि शेवाळाची एखादी कागदी पट्टी त्याच्या पुढून न्या. लाल हवाच असेल तर मासा पृष्ठभागाजवळ आणा. आणि कार्टूनवरून काढण्यापेक्षा एकदा गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जाऊन बांगडा हातात घ्या. पाठ निळसर-हिरवी, पोट चांदीसारखं. वरून बघणाऱ्याला पाठ खालच्या पाण्यात मिसळते, खालून बघणाऱ्याला पोट उजेडात. एवढं उतरलं की मासा पाण्यात शिरतो. (शाकाहारी वाचकांनी रागावू नये, बघायला पैसे पडत नाहीत.)

वर रेझिन ओतलं तर खरंच पाण्यासारखं दिसतं म्हणे. किट ऑनलाइन मागवलंय, मुलगी नऊ वर्षांची आहे. (बाणेर)

किट बंदच ठेवा. दोन बाटल्या मिसळायचं इपॉक्सी रेझिन न वाळलेलं असताना त्वचेला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा पाठ सोडत नाही. जाहिरातीत मुलांचे उघडे हात दिसतात, त्यावर जाऊ नका. शिवाय कोरडा कागद रेझिन पितो आणि डागाळून पारदर्शक होतो. हे वेष्टनावर कुणी छापत नाही. मोठ्यांना करायचंच असेल तर आधी कागदावर पातळ गोंदाचे दोन हात, मग हातमोजे, उघड्या खिडक्या आणि शेजारी अनुभवी माणूस. हात लावून झाला असेल आणि पुरळ उठलं असेल तर मला लिहू नका, आजच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

प्रकल्प उद्या सकाळी द्यायचा आहे. झटपट कसं करावं? (धनकवडी)

रंग नको, रंगीत घोटीव कागद कापा आणि गोंदाऐवजी ग्लू स्टिक वापरा. पुढच्या वेळी पत्र निदान तीन दिवस आधी पाठवा. बाईंना खरं सांगून एक दिवस वाढवून मिळतो का, तेही विचारा.