बाथरूमसाठी कर्ज काढावं का?

प्रश्न : घराला १९ वर्षं झाली. आतल्या बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर ओल आली आहे. ठेकेदाराने अख्खं बाथरूम नव्याने करायचं कोटेशन दिलंय, ते आमच्या चार महिन्यांच्या घरखर्चाएवढं आहे. त्यासाठी १४ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज मिळतंय. यजमानांचं म्हणणं, सध्या फक्त नळ, मिक्सर आणि कमोड बदलू, एक महिन्याच्या खर्चात भागेल. आमच्याकडे सात महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी आहे. काय करावं?

उत्तर : दोन्ही पर्यायांत पैसे जातील आणि ओल राहायची भीती आहे, कारण पाणी नेमकं कुठून येतंय हे अजून कुणीच पाहिलेलं नाही. तेव्हा कोटेशनवर सही करण्याआधी एक आठवडा तपासणीला द्या. याला खर्च जवळपास शून्य आहे.

ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख लिहा. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्या, दोन तासांनी पुन्हा बघा. आकडा सरकला तर पाणी कुठेतरी जातंय. ते फ्लशच्या टाकीतूनही जात असेल, म्हणून टाकीत खायच्या रंगाचे थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं रबरी सील गेलंय. ते बदलणं किरकोळ काम आहे. कमोडच्या मागचा अँगल कॉक बंद करूनही मीटर फिरत असेल आणि घरात दुसरीकडे कुठे गळत नसेल, तर संशय भिंतीतल्या पाइपवर जातो.

मीटर हलला नाही, तर दोष फरशीत किंवा सांडपाण्याच्या वाटेत असण्याची शक्यता जास्त. चार-पाच दिवस ते बाथरूम वापरू नका. ओल रेघेच्या आत सरकायला लागली, तर वापरलेलं पाणी टाइल्सच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (पाणी वाहून जायची फरशीतली जाळी) कडेने झिरपतंय. फक्त वरवरचे सांधे उघडे पडले असतील, तर ते खरवडून नव्याने भरणं आणि ट्रॅपची कडा बंद करणं एवढ्यावर काम भागू शकतं. मग मोठ्या खर्चाची घाई नाही.

यजमानांच्या पर्यायात मला एक धोका दिसतो. १९ वर्षांपूर्वीची पाइपलाइन बहुधा जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असेल. असे पाइप आतून गंजतात आणि आट्याच्या जागी सगळ्यात आधी पातळ होतात. जुना नळ पान्याने फिरवला की कधी कधी भिंतीतला एल्बोच (पाइपचा वळणाचा जोड) तुटतो, आणि 'फक्त नळ बदलू' म्हणता म्हणता टाइल्स फोडाव्या लागतात. पाइप जीआयचा असेल आणि गळत असेल, तर तेवढाच तुकडा बदलून समाधान मानू नका. बाकीचा पाइपही त्याच वयाचा आहे.

आता मोठ्या कामाचा हिशेब. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनची साधारण निम्मी रक्कम भिंतीवर लटकणारा कमोड, रेन शॉवर, काचेचं पार्टिशन आणि बेसिनखालचं कपाट यांची आहे. उरलेल्या निम्म्यात तोडफोड, डेब्रिस, पाइप, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स येतात. पाइप किंवा फरशी दोषी निघाली, तर दुसरा भाग आत्ताच करा, पहिला थांबवा. टाइल्स दोनदा फोडणं परवडत नाही. कपाट मात्र कधीही बसवता येतं.

हे काम कर्जाने करू नका. १४ टक्क्यांनी पाच वर्षांत प्रत्येक १०० मागे जवळपास ४० व्याज जातं. तुमच्या बाबतीत हे नुसतं व्याज दीड महिन्याच्या घरखर्चाहून जास्त होतं. त्यापेक्षा गंगाजळीतून दोन महिन्यांची रक्कम काढा आणि वर २० टक्के राखून ठेवा, कारण टाइल्स निघाल्यावर आत काहीतरी निघतंच. तरी साडेचार महिन्यांची शिल्लक राहते. जो हप्ता भरायची तयारी होती, तो दर महिन्याला परत गंगाजळीत टाका. साधारण २६ महिन्यांत ती भरून निघेल. शॉवर आणि काच त्यानंतर.

फिक्स्चर (शॉवर, मिक्सर, कमोड) पुढे ढकलायचं, तर आजचे पॉइंट, म्हणजे भिंतीतली पाण्याची तोंडं, तसे काढून घ्या. भिंतीत लपणाऱ्या डायव्हर्टरऐवजी (पाणी नळाकडे की शॉवरकडे जाईल ते ठरवणारा व्हॉल्व्ह) बाहेर बसणारा वॉल मिक्सर घ्या. त्याच्या गरम-थंड पॉइंटमधलं अंतर सर्रास १५० मिमी असतं, त्यामुळे उद्या चांगला मिक्सर घेतला तरी टाइल फुटत नाही. लपवलेली फ्लशची टाकी घेण्याचा आग्रह असेल, तर ती आत्ताच बसवावी लागेल. तिचा व्हॉल्व्ह पुढे समोरच्या बटणाच्या पट्टीतून काढता येतो ना, हे घेण्याआधी पाहा. जमिनीवरचा कमोड घेताना मागच्या तयार भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या. इथे चुकलेलं माप हमखास महागात पडतं.

ठेकेदाराचे पैसे तारखांना बांधू नका, चाचण्यांना बांधा. पाइप झाकण्याआधी प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती पाहणं), मग त्याचा हप्ता. वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे द्यायला सांगा, कोपऱ्यांत गोलाई करून घ्या, आणि शॉवरच्या भिंतीवर ते सहा फुटांपर्यंत चढवा. मग ट्रॅप बंद करून पाणी भरा, पातळीची खूण करा, २४ तास थांबा. खालच्या छताला ओल नाही असं पाहिल्यावरच पुढचा हप्ता द्या. टाइल्स बसल्यावर बादलीभर पाणी ओता. मीटरला साधारण एक सेंटिमीटर ढाळ असेल, तर ते आपणहून ट्रॅपकडे जातं. कोपऱ्यात डबकं राहिलं तर तिथेच काम थांबवा, नंतर कुणी दुरुस्त करत नाही. शेवटचे १० टक्के महिनाभर बाथरूम वापरल्यावर द्या.

पाइप झाकण्याआधी मापाची टेप लावून त्यांचे फोटो काढून ठेवा, आणि टाइल्सचं एक खोकं जादा घेऊन माळ्यावर टाका. पाच वर्षांनी तीच टाइल बाजारात मिळेलच असं नाही.

दुसऱ्या बाथरूमला याच वेळी हात लावू नका, पण मीटर आणि रंगाची चाचणी तिथेही करा.

निकाल कळवा, आकडे पुन्हा मांडू. भिंतीतला पाइपच गळतोय असं दिसलं, तर मात्र उत्तराची वाट न पाहता त्या बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह आजच बंद करा.