वाचकांचे प्रश्न : पदपथावर मागून येणाऱ्याची जबाबदारी

प्रश्न : मी नागपुरात धरमपेठेत राहते, माझे वय ६८ आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले आहे, म्हणून सकाळी सहाच्या सुमारास यजमानांसोबत वेस्ट हायकोर्ट रोडच्या फुटपाथवरून फिरायला निघते. गेल्या पंधरवड्यात दोनदा धावणारा एक तरुण मागून इतक्या जवळून गेला, की पहिल्या वेळी त्याचे कोपर माझ्या दंडाला घासले आणि दुसऱ्या वेळी मी दचकून बाजूला झाले ती कडेला लावलेल्या स्कूटरवर आपटले. यजमानांनी हटकले तेव्हा ‘काकाजी, मधून चालत नका जाऊ ना’ एवढे बोलून तो निघून गेला. चूक आमची होती का? धावणाऱ्यांनी मैदानावरच जावे, असा काही नियम नाही का?

उत्तर : चूक आपली नव्हती, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. नियमाचे म्हणाल, तर पदपथावर वाहन घालण्यास मनाई आहे. परंतु धावणारा माणूसही पायीच असल्यामुळे त्याला ती लागू होत नाही. पदपथ त्याचाही आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा, अडथळे नसलेला पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता यावेत, यावर भर दिला. हा हक्क ज्यांना सर्वांत जास्त लागतो, ते आपल्यासारखे सावकाश चालणारे लोकच आहेत.

आता त्या तरुणाच्या बोलण्याकडे वळू. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निवासी भागातही पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. दोन माणसे शेजारी शेजारी चालली की त्यातली सव्वा मीटर सहज व्यापली जाते. उरलेल्या दोन फुटांत झाडाचा बुंधा, विजेची पेटी किंवा उभी केलेली दुचाकी आली, की ‘मध्य’ आणि ‘कड’ हा भेदच उरत नाही. चालणाऱ्याने खाली रस्त्यावर उतरावे, अशी अपेक्षा तर मुळीच करू नये. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे हीच तत्त्वे सांगतात, पण आपल्याकडे कित्येक ठिकाणी ती त्याहून बरीच अधिक असते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणेच जड जाते.

माझ्या मते या सगळ्या भांडणाचा निवाडा एकाच गोष्टीवर व्हायला हवा : कोणाला कोण दिसत आहे? मागून येणाऱ्याला पुढचा माणूस, त्याची चाल, त्याच्या हातातली काठी, पुढची अरुंद जागा, सगळे दिसत असते. पुढच्याला मागचे काहीच दिसत नाही. वयोमानाने ऐकू कमी येते आणि धावण्याच्या बुटांचे मऊ तळवे फारसा आवाज करत नाहीत. म्हणून सांभाळून जाण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याचीच, आणि जागा नसेल तर त्यानेच चार पावले चालत जावे. त्यात त्याचे पाच-दहा सेकंद जातील. आपल्या वयात एक पडणे खुब्याच्या हाडावर बेतू शकते.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. अनेक वर्षांपूर्वी सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे धावताना, दुधाची पिशवी घेऊन परतणाऱ्या एका आजोबांच्या अगदी खांद्यामागे पोहोचून मी ‘बाजूला’ असे ओरडलो. ते आवाजाच्या दिशेने वळले आणि वळताना त्यांचा पाय नेमका माझ्याच वाटेत आला. पिशवी फुटली, ते पडले नाहीत, पण मी धरलेला त्यांचा हात कितीतरी वेळ थरथरत होता. तो थरथरता हात मी विसरलेलो नाही.

प्रश्न : मी प्रतापनगरला राहतो आणि आठवड्यातून चार दिवस धावतो. लोक चार-चार जण आडवे चालतात, कुत्र्याचा लांब पट्टा फुटपाथभर पसरलेला असतो. आवाज दिला तरी रागावतात, नाही दिला तरी रागावतात. आम्ही नेमके करायचे काय?

उत्तर : आपली तक्रार खरी आहे. पदपथावर दोघांपेक्षा जास्त जणांनी आडवे चालू नये, कोणी येताना दिसले की एकामागे एक व्हावे आणि कुत्र्याचा पट्टा आखूड धरावा, एवढी अपेक्षा फिरायला जाणाऱ्यांकडून ठेवणे रास्तच आहे. तरीही आवाज दिल्यावर लोक का रागावतात, याचा थोडा हिशेब करून पाहा. ताशी १० किलोमीटर वेगाने धावणारा सेकंदाला पावणेतीन मीटर जातो आणि चालणारा सव्वा मीटर, म्हणजे दोघांतले अंतर सेकंदाला दीड मीटरने घटते. आपण आठ मीटरवरून बोललात, तर समोरच्याला पाच सेकंद मिळतात. दीड मीटरवरून बोललात, तर एकच सेकंद, आणि त्या सेकंदात माणूस फक्त दचकतो. रागाचे मूळ बहुधा या दचकण्यात असते.

काय बोलावे, यालाही महत्त्व आहे. ‘साइड, साइड’ म्हटल्याने कोणत्या बाजूला सरकायचे ते कळत नाही आणि हुकूम मात्र कानावर पडतो. ‘काकाजी, उजवीकडून जातो’, ‘काकू, मी मागून येतोय, तुम्ही चालत राहा’, असे म्हटले तर ऐकणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. शक्यतो उजवीकडूनच पुढे जा आणि जाताना एक हात अंतर राखा. दोन्ही कानांत इयरफोन घालून धावत असाल, तर निदान गर्दीच्या टप्प्यात एक तरी काढा, कारण समोरच्याने ‘थांब बाळा’ म्हटले तर ते आपल्याला ऐकू यायला हवे.

नागपुरात आणखी एक अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे धावणारे, फिरणारे, दूधवाले आणि पेपर टाकणारी मुले सगळे उजाडतानाच्या त्याच दीड तासात बाहेर पडतात. त्या दिवसांत वेगाचा सराव सिव्हिल लाइन्सच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने करावा किंवा रेशीमबागसारखे मैदान गाठावे, आणि घरापासून तिथपर्यंतचे वस्तीतले अंतर अंग गरम करण्यासाठी चालत किंवा अगदी सावकाश पळत कापावे. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी लहान मुलांसह कुटुंबे असतात. तिथे त्या वेळी धावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धरमपेठेच्या काकूंनाही एक सुचवतो. तो तरुण रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने जात असणार. धावताना त्याला अडवू नका. धावणे आटोपून तो कुठे उभा दिसला, तर यजमानांनी जवळ जाऊन आपण स्कूटरवर आपटलात हे त्याला सांगावे. तो थांबलाच नव्हता, त्यामुळे त्याला ते ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक आहे.