नव्या गॅडोलिनियम संयुगावर काम सुरू करताना

एमआरआय चित्रे ठळक करणाऱ्या गॅडोलिनियम संयुगांच्या कामात नव्याने येणाऱ्यांचे लक्ष आधी रिलॅक्सिव्हिटीच्या, म्हणजे संयुग चित्र किती ठळक करते त्याच्या, आकड्याकडे जाते. माझा आग्रह असा, की तुम्ही आधी धातू लिगंडमधून, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रेणूतून, सुटतो का, हे पाहावे. जोडी नसलेल्या सात इलेक्ट्रॉनांमुळे गॅडोलिनियम एमआरआयला उत्तम असला, तरी मोकळा झाल्यास तो विषारी ठरतो, आणि मेंदूत तो साचत असल्याचे दिसल्यावर युरोपीय औषध संस्थेने 2017 मध्ये अनेक रेषीय (उघड्या साखळीचे लिगंड असलेल्या) संयुगांवर बंधने आणली. म्हणून केवळ स्थिरता स्थिरांकावर, म्हणजे समतोलात धातू लिगंडशी किती घट्ट बांधलेला राहतो त्या आकड्यावर, विसंबू नका. आम्लात आणि जस्ताच्या उपस्थितीत संयुग किती वेळ टिकते ते मोजा, कारण डोटासारखी वलयाकार लिगंड धातूला फार सावकाश सोडतात आणि शरीरात खरा कस याच सावकाशीचा लागतो. प्रत्येक नमुना झायलेनॉल ऑरेंज या सूचक रंगाने तपासा: पीएच 5.8 च्या बफरमध्ये पिवळा रंग जांभळ्याकडे झुकला, तर मोकळा धातू शिल्लक आहे आणि पुढची सारी मोजमापे व्यर्थ आहेत.

परिणामकारकता त्यानंतर. गॅडोपिक्लेनॉल या एमआरआय औषधात धातूला पाण्याचे दोन रेणू बिलगतात, त्यामुळे रिलॅक्सिव्हिटी वाढते, म्हणून नेहमीच्या 0.1 ऐवजी 0.05 मिलिमोल प्रति किलो मात्रा पुरते. तुमची मोजणी 37 अंश सेल्सिअसला, सीरममध्ये आणि 1.5 व 3 टेस्ला या दोन्ही चुंबकीय क्षेत्रांत करा.