रिमॅप करायच्या आधी इंजिनची तब्येत बघ

भावा, जुन्या थारचा पिकअप वाढवायला रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची (ईसीयूची) सेटिंग बदलणं, जमेल का असं विचारलंस. तुझी थार सीआरडीई (ईसीयूवर चालणारं कॉमन-रेल डिझेल इंजिन) आहे ना, मग रिमॅप होईल. थार डीआय (साध्या डिझेल इंजिनची) असती तर विषयच नव्हता. तिचा पंप मेकॅनिकल, त्यात बदलायला ईसीयूच नाही. सीआरडीईचं २.५ लिटर इंजिन कंपनीतून १०५ बीएचपी आणि २४७ एनएम टॉर्क (ओढायची ताकद) घेऊन यायचं.

पण रिमॅपसाठी लॅपटॉप लावायच्या आधी इंजिन तपासून घे. जुन्या गाडीचा पिकअप बऱ्याचदा ट्यूनमुळे नाही, झिजेमुळे गेलेला असतो. माझी गाडी यवतेश्वर घाटात दुसऱ्या गिअरवर रडायची. शेवटी इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज चिरलेला सापडला. तो बदलला आणि निम्मं काम तिथंच झालं. म्हणून इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट कर (किती डिझेल परत जातंय ते कळतं), सिलिंडरचं कंप्रेशन बघ, ईजीआरमधली (धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधली) काजळी काढ. टर्बोच्या शाफ्टला प्ले असेल, म्हणजे तो ढिला हलत असेल, तर रिमॅपचं नावही काढू नकोस.

क्लचचं मात्र नीट ऐक. टॉर्क वाढला की पहिला मार क्लच प्लेटवर बसतो. टॉप गिअरला आरपीएम चढतो आणि गाडीचा वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच सरकतोय समज. आधी त्याचा खर्च धर.

ट्यूनरकडून (रिमॅप करणाऱ्याकडून) ईसीयूतल्या मूळ सेटिंगच्या फाइलची कॉपी घेच. आणि ‘जास्तीत जास्त पॉवर दे’ असं म्हणू नकोस, १५०० ते २५०० आरपीएममधला टॉर्क माग. कासच्या चढाला तोच लागतो. काळा धूर निघाला तर डिझेल जास्त पडतंय, एक्झॉस्ट तापतोय. पीयूसी तर अडकेलच, पण टर्बोही जाईल. लगेच परत जाऊन फाइल सौम्य करून घे.